लोभी तारका आणि तिचें कुंपण

गेल्या वर्षींच्या पारितोषिक-समारंभाचा वृत्तांत शाळेच्या संकेतस्थळावर होता. तो छपाईसाठीं साध्या मजकुरांत उतरविण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. एचटीएमएल या लेखनपद्धतींत मजकुराच्या मांडणीची प्रत्येक खूण ‘<’ आणि ‘>’ या दोन कोनकंसांत बंदिस्त असते. या सर्व खुणा एका आज्ञेनें पुसाव्या म्हणून आम्हीं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना सांगणारें सूत्र, लिहिलें: <.*> क्षणार्धांत खुणा गेल्या. परंतु त्यांजबरोबर विजेत्यांचीं नांवेंही गेलीं! मूळ प्रत राखिली होती म्हणून बरें. एरव्हीं वर्षभर झटलेल्या मुलांच्या पालकांस आम्हीं कोणत्या तोंडानें उत्तर दिलें असतें?

दोष यंत्राचा नव्हता. या सूत्रांत टिंब म्हणजे कोणतेंही एक अक्षर, आणि तारका म्हणजे तें हवें तितक्या वेळां. ही तारका स्वभावतःच लोभी. पहिला कंस सांपडतांच ती ओळीच्या टोंकापर्यंत धांवते, आणि मग एकेक पाऊल मागें येत शेवटल्या ‘>’ पाशीं थांबते. प्रत्येक ओळींत नांवाच्या आधीं एक खूण व नंतर एक; तेव्हां मधलें नांव गिळलें गेलें यांत नवल तें काय?

यास उपाय दोन. १९९४ सालीं आलेल्या पर्ल भाषेच्या पांचव्या आवृत्तीनें तारकेनंतर प्रश्नचिन्ह देण्याची सोय केली, <.*?> असें लिहिल्यास ती पहिल्याच ‘>’ पाशीं थांबते. दुसरा उपाय <[^>]*> हा. म्हणजे ‘>’ खेरीज कोणतेंही अक्षर घे. आमचें मत या दुसऱ्याच्या बाजूचें आहे. प्रश्नचिन्ह केवळ ‘होईल तितकें थोडें घे’ म्हणतें. सूत्रांत पुढें आणखी कांहीं जुळवावयाचें असल्यास तेंही कंस ओलांडून जातें. चौकटी कंसांतील निषेध मात्र कुंपणच घालतो, आणि ज्या सेडसारख्या जुन्या साधनांस प्रश्नचिन्हाची ही सोय ठाऊक नाहीं, त्यांतही तो चालतो.

तथापि हेंही कुंपण अभेद्य नव्हे. अवतरणचिन्हांतील मजकुरांत ‘>’ आला कीं तें फसतें; आणि एकांत एक गुंतलेल्या खुणांच्या जोड्या लावावयाच्या असतील तर पार्सर हेंच योग्य साधन होय.

विद्यार्थ्यांनीं मूळ प्रत राखावी, सूत्र आधीं एका ओळीवर पारखावें, आणि लक्षांत ठेवावें कीं, ‘घे’ म्हणणाऱ्यानेंच ‘येथें थांब’ हेंही सांगितलें पाहिजे.