चित्राला सही, दागिन्याला का नाही?

मुंबईत १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले आणि तेथे आपले चित्र लागावे, ही महाराष्ट्रातील चित्रकारांची आकांक्षा बनली. परंतु गोदाकाठचे निसर्गचित्र प्रथम गोदाकाठच्या माणसाने पाहावे, ही अपेक्षा गैर म्हणता येईल काय? परभणी, सेलू वा गंगाखेड येथे शाळेच्या सभागृहातही असे प्रदर्शन भरू शकेल. मात्र तेथे निसर्गचित्रांशेजारी हस्तनिर्मित अलंकारांनाही स्थान हवे. तांड्यांवरील बंजारा स्त्रिया कवड्या, मणी व नाणी ओवून जे लेणे घडवितात, त्यातील रंगांची जाण चित्रकाराहून उणी नसते. भेद इतकाच, की चित्राखाली सही असते. दागिना निनावी राहतो. धारासूरच्या प्राचीन गुप्तेश्वर मंदिरावरील सुरसुंदरींचे पाषाणातील अलंकार आपण वाखाणतो. ते कोरणाऱ्या हातांची नावे मात्र काळाच्या उदरात गडप झाली. तोच अन्याय आज पुन्हा का व्हावा? प्रत्येक दागिन्यापाशी कारागिराचे नाव, गाव आणि श्रमाला साजेसे मूल्य लिहिलेले असावे. निनावी वस्तूचीच घासाघीस निर्दयपणे होते. आणि घासाघिशीत हरलेला हात आपले कसब पुढच्या पिढीच्या हाती देत नाही.