फुकटच्या हवेचं बिल

‘वीज नाही, मोटर नाही, देखभाल नाही.’ या आठवड्यात हाती पडलेल्या एका माहितीपत्रकावर हे ठळक अक्षरांत छापलंय. वस्तू आहे दाबलेल्या हवेवर चालणारा व्हेंच्युरी पंप. वीतभर लांबीचा धातूचा नळ. एका तोंडाने मशीनखालचा कीस, प्लास्टिकचे तुकडे, भुसा ओढायचा आणि दुसऱ्या तोंडाने पाइपातून थेट ड्रममध्ये नेऊन टाकायचा. मोटर नाही, हे खरं. देखभाल जवळजवळ नाही, हेही खरं. पण वीज नाही? मग शेडच्या मागे पत्र्याखाली तो स्क्रू कंप्रेसर काय भजनाला बसलाय?

पुन्हा कंप्रेसर, असं म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या जुन्या वाचकांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावं. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, शॉपमध्ये उभं राहून कान द्यावा. फुस्स आवाज येतो ना? लक्ष न दिलेल्या कारखान्यात २० ते ३० टक्के हवा अशी गळतीतच जाते. त्यावर कोणी सभा बोलावत नाही. चहाचे कप मात्र मोजले जातात.

पंपाचं तत्त्व जुनं आहे. पाणी अरुंद जागेतून जाताना वेग वाढतो आणि दाब घटतो, यावर जोव्हान्नी बातिस्ता व्हेंच्युरी या इटालियन पदार्थवैज्ञानिकाने १७९७ मध्ये लिहिलं. रंगाची स्प्रे गन आणि जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर त्याच घराण्यातले. आपल्या नळात आतल्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांतून पाच-सहा बारची हवा पुढच्या दिशेला सुटते, मागे दाब पडतो आणि बाहेरची हवा कीस घेऊन आत धावते. आत फिरणारं काहीच नाही, म्हणून बिघडणारंही फारसं काही नाही. माझं भांडण यंत्राशी नाहीच.

भोसरीतल्या एका टर्निंग शॉपमध्ये हे तत्त्व दोन जागी राबताना पाहिलं. पहिली जागा २०० लिटरच्या बॅरलचं झाकण. झाकणावर व्हेंच्युरी, त्याला जाड होज. सीएनसी लेथच्या कूलंट टाकीत होज बुडवायची, व्हॉल्व्ह उघडायचा, आणि तळाचा गाळ, बारीक कीस, वर तरंगणारं तेल, सगळं दोनेक मिनिटांत बॅरलमध्ये. पूर्वी हे काम मग आणि खुरपं घेऊन चालायचं. ऑपरेटरचे हात कोपरापर्यंत त्या आंबट वासाच्या पाण्यात, आणि मग महिनाभर खाज. साधा मोटरपंप इथे टिकत नाही, कारण कीस त्याचं सील आणि इंपेलर खाऊन टाकतो. इथे खायला काही ठेवलेलंच नाही.

दुसरी जागा लेथच्या खाली. कीस पडला की ओढला जावा म्हणून तिथला नळ दोन्ही शिफ्ट सुरू. कास्ट आयर्नचं बोरिंग सुटं पडतं, ते जातं बिचारं. माइल्ड स्टीलच्या लांब कुरळ्या कात्रणांचा मात्र तोंडाशी गुंता होतो. परिणामी, कीस उचलायला ठेवलेला मदतनीस आता पाइप मोकळा करायला गज घेऊन उभा. याला तिथे ऑटोमेशन म्हणतात.

आता दोन्ही जागांचा हिशेब. सात बारला १०० सीएफएम हवा करायला कंप्रेसर साधारण १८ किलोवॉट घेतो. पंप ५० सीएफएम खातो असं धरा, म्हणजे ९ किलोवॉट. युनिट ९ रुपयांना धरा. बॅरल दोन मिनिटांत भरलं तर पाव-एक युनिट, म्हणजे तीन रुपयेसुद्धा नाहीत. लेथखालचा नळ १६ तासांत १४४ युनिटं घेतो: दिवसाला १,२९६ रुपये, २५ दिवसांचे ३२,४००. एका लेथचे. आणि जॉब बदलताना, गेज लावताना, टूलटिप फिरवताना कीस पडतच नाही. तेव्हा तो नळ शॉपमधली हवा शॉपमध्येच फिरवत बसतो. निदान स्पिंडल फिरतोय तेवढाच वेळ हवा सोडा, सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवा, असं सुचवलं. मालक म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ नळ मात्र कोटेशन आल्याच्या आठवड्यातच बसला होता.

हलका कीस पाइपातून न्यायला एका बारचा थोडासा अंश ओढ पुरते. ती सायक्लोन जोडलेला साधा ब्लोअर देतो, काही अश्वशक्तीत. त्यासाठी हवा आधी सात बारला दाबायची, त्यात तयार झालेली उष्णता कूलरमधून बाहेर फेकायची आणि मग उरलेल्या जोरावर फुंकर मारायची, म्हणजे दुधाचा खवा आटवून त्यात पाणी घालून चहा करणं झालं. पण ब्लोअरची किंमत खरेदी खात्याच्या डोळ्यांत खुपते. नळ स्वस्त, आणि त्याची हवा सगळ्या शॉपच्या एकत्र मीटरवर. कोणाच्याच नावावर नाही.

जिथे मोटरची ठिणगी परवडत नाही, सॉल्व्हंटची वाफ असते, तिथे व्हेंच्युरी जरूर वापरा. मात्र पाइपाला अर्थिंग द्या, कारण धावणारी पावडर स्वतःच स्थिर वीज तयार करते. धाग्याच्या टेक्श्चरायझिंग मशीनवरची सक्शन गनही याच जातीची. मिनिटाला शेकडो मीटर धावणारा वाया धागा हाताने कोण गोळा करणार? पण धागा लावून झाला की कामगार ती बंद करतो.

शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्या वाचकांनी विचारलंय की, शेकआउटची वाळू या नळाने ओढू का? वाळू अ‍ॅल्युमिनियमचा नळ आतून घासून काढेल, निदान कठीण पोलादाचा घ्यावा लागेल. आणि वाळूबरोबर गेलेली सगळी हवा दुसऱ्या टोकाला बाहेर पडणार आहे, सिलिकाची धूळ घेऊन, कामगारांच्या नाकासमोर. तेव्हा बॅग फिल्टरचं कोटेशन आधी मागवा, नळाचं नंतर.