आत्याबाईंच्या ओव्या आणि चिखलातली सीडी

माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला आली, की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. ओटीवर वारकरी, परसात चूल, आणि मी सकाळपासून पिठल्याच्या पातेल्यापाशी. त्या गर्दीत एका म्हाताऱ्या माळकरी बाईंनी मला विचारलं, "तुमच्या सासूबाई जात्यावर गायच्या, त्या कुठं हायत?" त्या बऱ्याच वर्षांनी आल्या होत्या. आत्याबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली हे त्यांना कुणी सांगणार? मी हात पुसले, लॅपटॉप आणला आणि त्यांच्यासमोर आत्याबाईंचा आवाज लावला. बाई ऐकत राहिल्या, मग हळूच स्वतःही गुणगुणायला लागल्या.

हा आवाज माझ्याकडे आज आहे, तो माझ्या हुशारीनं नाही. नशिबानं आहे. मैत्रिणींनो, ती गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या कपाटात अशी एखादी सीडी नक्की असेल.

२००७ च्या वारीत पुण्याहून माझा भाचा आला होता. त्याच्याकडे आवाज टिपायचं छोटं यंत्र होतं. त्यानं हट्ट धरला म्हणून आम्ही माळ्याखाली पडलेलं जातं बाहेर काढलं, आत्याबाईंनी त्यात मूठभर ज्वारी टाकली, कारण रिकाम्या जात्यावर गळा लागत नाही म्हणाल्या, आणि पाऊण तास गायल्या. माहेरच्या ओव्या, भावाच्या, लेकीच्या, विठ्ठलाच्या. भाच्यानं ते सगळं आणि त्या दोन दिवसांतले फोटो एका दुकानातून सीडीवर बर्न करून आणले. दोन सीडी केल्या. एक आमच्याकडे, एक सांगलीला माझ्या धाकट्या नणंदेकडे.

आमच्या सीडीवर दुकानदारानं विठ्ठलाच्या चित्राचा गोल कागद चिकटवून दिला होता. दिसायला फार छान. म्हणून मी ती देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. रोज सकाळचं कोवळं ऊन तिच्यावर पडायचं. आत्याबाई २०११ मध्ये गेल्या. तीन वर्षांनी त्यांच्या श्राद्धाला सीडी लावायची म्हणून काढली, तर कागदाची कड सुटली होती. मी ती ओढली आणि कागदाबरोबर चंदेरी पापुद्राही निघून आला. खाली नुसतं पारदर्शक प्लास्टिक. घरातल्या कॉम्प्युटरवरची प्रत? तो दुरुस्तीला दिला होता तेव्हा फॉरमॅट होऊन आला होता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि ह्यांना कांदा चिरतेय म्हणून सांगितलं. लोणंदमध्ये ही सबब कधीही चालते.

आता कळतं की चूक कुठं झाली. आपल्याला वाटतं सीडीची खालची, चकचकीत बाजू जपायची. खरं तर सीडीची नाजूक बाजू वरची, जिच्यावर आपण नाव लिहितो ती. माहिती असते त्या वरच्या बाजूच्या अगदी लगत, लाखेसारख्या एका पातळ थराखाली. खालचं प्लास्टिक चांगलं मिलिमीटरभर जाड असतं. तिथला हलका ओरखडा निभावतो, वर ओरखडा पडला की संपलं. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, म्हणून ती त्या बाबतीत जरा बरी. आणि दुकानातून आणलेली सिनेमाची सीडी वेगळी, आपण बर्न केलेली वेगळी. सिनेमाच्या सीडीत खळगे ठशानं उमटवलेले असतात. आपल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, लेझर तो तापवून त्यात खुणा करतो. म्हणजे हे रंगाचं काम. उन्हात टाकलेल्या साडीचं जे होतं तेच त्याचं होतं.

नणंदेकडच्या सीडीची आठवण कुणाला राहिली नव्हती. आधी तिच्याकडे का विचारलं नाही म्हणाल, तर दोन सीडी केल्या होत्या हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं. मग ऑगस्ट २०१९ आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. नणंदेचं घर जवळजवळ छतापर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो. तो वास, तो चिखल ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. लग्नाचे अल्बम म्हणजे चिकटलेल्या विटा झाल्या होत्या. कॉम्प्युटर उचलला तर त्यातून पाणी गळलं. नणंद भिंतीला टेकून म्हणाली, "वहिनी, मुलांच्या लहानपणाचा एक फोटो राहिला नाही गं."

फडताळ साफ करताना मला प्लास्टिकच्या डबीतली ती सीडी सापडली. चिखलानं माखलेली. तिच्यावर कागद नव्हता, नुसतं पेननं ‘आईच्या ओव्या’ लिहिलेलं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, घासू नको. वाहत्या स्वच्छ पाण्यात धर, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब लाव, मऊ सुती फडक्यानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पूस. गोल गोल पुसायचं नाही. सावलीत वाळव." मी तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी ती धुतली.

लोणंदला आणून लॅपटॉपला लावली. म्हणजे लॅपटॉपला कुठली लावते! नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा लागला. सीडी फिरायला लागली, कुरकुरली, थांबली, परत फिरली. भाच्यानं फोनवरून सांगितलं, "लगेच गाणी लावून बसू नका. आधी इमेज काढा."

ही इमेज म्हणजे फोटो नव्हे. सगळ्या तबकडीचा जसाच्या तसा उतारा, एकाच मोठ्या फाइलमध्ये. नावाच्या शेवटी ‘आयएसओ’ असतं. फाइली एकेक करून उचलल्या तर काही राहून जातात. इमेज म्हणजे ट्रंक उघडून एकेक साडी काढण्याऐवजी ट्रंकच उचलून नेणं. जुन्या, दुखऱ्या सीडीला हे एकदाच पळवायचं, मग तिला आराम. पुढं कितीही वेळा ऐका, तिला त्रास नाही. विंडोज ८ पासून पुढच्या कॉम्प्युटरवर त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की आत सीडी घातल्यासारखीच उघडते, रायटर नसला तरी. मी त्यासाठी इमेजबर्न नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. जुनं आहे, २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, पण काम चोख. फक्त असली फुकटची सॉफ्टवेअर घालताना प्रत्येक पानावर थांबून वाचा, नको ती आणखी काही सामानं सोबत येऊ पाहतात. आणि एक लक्षात ठेवा, टेपसारख्या नुसत्या गाण्यांच्या ऑडिओ सीडीची आयएसओ होत नाही. तिच्या ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन फाइली होतात, आणि दोन्ही जोडीनं जपायच्या. आमच्या सीडीत फाइलींचं फोल्डर होतं म्हणून सोपं गेलं.

अर्धा तास लागला. चार फोटो गेले. ओव्या सगळ्या आल्या.

मग मी स्वतः शिकले. ह्या वयात कशाला, असं घरात कुणी म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. इथं मला थोडं स्पष्ट बोलायचंय. आपण अजूनही दुकानात पेन ड्राइव्ह देतो आणि ‘याची सीडी करून द्या’ म्हणतो. त्या पेन ड्राइव्हवर लेकीसुनांचे फोटो असतात, डोहाळजेवणाचे, बारशाचे. ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरतात आणि तिथेच पडून राहतात. दुकानदार भला असेलही, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कोण कोण बसतं ते त्यालाही ठाऊक नसतं. घराचं दार आपण परक्याला उघडं टाकत नाही. मग हे का टाकतो?

आणि काम तरी कितीसं अवघड? पुरणपोळी जिला लाटता येते तिला हे येतंच. फोल्डर डीव्हीडी रायटरवर ओढून टाकलं की विंडोज विचारतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? जपणुकीसाठी दुसरा पर्याय घ्या. पहिल्यात तबकडी अर्धवट उघडी राहते आणि दुसऱ्या मशिनवर कधी कधी दिसत नाही. सीडीवर ७०० एमबी मावतात, डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं पण कॉम्प्युटर साधारण ४.३ च दाखवतो. फसवणूक नाही, मोजण्याची रीत वेगळी. ‘आरडब्ल्यू’ लिहिलेली, पुसता येणारी तबकडी ह्या कामाला घेऊ नका. वेग सगळ्यात जास्त ठेवू नका. आणि बर्न झाल्यावर तपासणी, म्हणजे ‘व्हेरिफाय’, करून घ्याच. आयएसओ फाइलवर उजवं क्लिक करून विंडोजमधूनच बर्न करत असाल तर तिथं त्याची चौकट असते, तिच्यावर टिक करा. पाच-दहा मिनिटं जास्त जातात म्हणून ती सोडणारी माणसं मी पाहिलीत. त्यांना आपण रिकामी तबकडी जपतोय हे वर्षांनी कळतं.

मला विचाराल तर सगळ्यात मोठा धोका तबकडीचा नसतो, आपल्या समजुतीचा असतो. घरात जपायचं काय, हे कोण ठरवतं? सात-बारा, फेरफार, बँकेची पासबुकं, आमच्या आडतीच्या पट्ट्या, हे सगळं ह्यांच्या लोखंडी कपाटात कुलपात. आत्याबाईंचा आवाज खिडकीत. मीच ठेवला होता, दुसऱ्या कुणाला दोष देत नाही. बाईचं गाणं ही जपायची वस्तू आहे हे मलाच मनातून पटलेलं नव्हतं.

ते ज्यांना पटलं होतं अशी माणसं महाराष्ट्रात होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले, ओव्यांची नोंद कॉम्प्युटरवर झाली आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पण काम एकाच घरात, एकाच माणसाच्या कपाटात राहिलं नव्हतं. २०१७ पासून ‘पारी’ने ह्या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. चूल आणि जातं सोडून ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं त्या बायकांचे आवाज आज ऐकता येतात, ते कुणीतरी प्रती केल्या म्हणून.

"अगं, आता सगळं मोबाइलमध्ये असतं, वर इंटरनेटवर जातं," असं माझी सून म्हणते. खरं आहे, आणि तेही करावं. पण गुगलनं फोटोंची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा कितीजणींनी ‘जागा संपली’चा निरोप आला म्हणून जुने फोटो पुसले! एकदा लिहिलेल्या तबकडीवरचं नातवाच्या बोटानं पुसलं जात नाही, व्हायरस तिथलं बदलू शकत नाही, हा तिचा मोठा गुण. उलट बाजूही सांगते. तबकड्यांचे दिवस सरत आलेत. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्न करायच्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. रायटर हल्ली मागवावा लागतो. म्हणून नुसत्या तबकडीवर विसंबू नका. माझ्या ओव्या आज दोन डीव्हीडींवर आहेत, एका हार्ड डिस्कवर आहेत, आणि इंटरनेटवर आहेत. त्यातली एक डीव्हीडी ह्या घरात नाही. घराला लागलेलं पाणी किंवा आग प्रती मोजत बसत नाही.

एक फजिती सांगायची राहिली. त्याच सीडीत आत्याबाईंच्या लोणच्या-मसाल्यांची यादीही होती, भाच्यानं तेव्हा मराठीत टाइप केलेली. फाइल शाबूत, पण उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हाचे मराठी फॉन्ट आजच्या युनिकोडसारखे नव्हते, तो विशिष्ट फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर काही वाचता येत नाही. शेवटी भाच्याच्या जुन्या मशिनवर तो फॉन्ट मिळाला, मग यादीची पीडीएफ केली. तुमच्याकडे त्या काळातल्या कविता, भाषणं, पाककृती असतील तर फॉन्ट मिळतोय तोवर उघडून घ्या.

बाकी जपणूक आपल्या चाळीतल्या कांद्यासारखी. कांदा भरला, दार लावलं आणि चार महिन्यांनी उघडलं असं कुणी करतं का? मधे मधे हात फिरवावा लागतो, नासका दिसला की बाजूला काढावा लागतो. दिवाळीची साफसफाई झाली की मी तबकड्या काढते, प्रत्येकीतली दोन-चार फाइली उघडते, अडखळली तर त्याच दिवशी नवी करते. डबीत उभ्या ठेवते, अंधाऱ्या कोरड्या फडताळात. नाव लिहायचं ते मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या पेननं. विठ्ठलाचं चित्र आता डबीच्या बाहेरून.

गेल्या दिवाळीत नणंदेसाठी नवी डीव्हीडी केली आणि भाऊबीजेला दिली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ओव्यांच्या मधे एका जागी कुकरची शिट्टी होते आणि मागून एक बाई ओरडते, "आत्याबाई, च्या ठेवू का?" ती मीच, तेव्हाची. नणंद म्हणाली, "वहिनी, मुलगा म्हणतोय तेवढं काढून टाकता येतं. काढू का?"

मी म्हटलं, राहू दे.