शेतकऱ्याचे नाव नीट उमटते का?

कासुर्डीत आमच्या कार्यालयाच्या खिडकीखाली एक जुना डेस्कटॉप आहे. चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, शेजारी एक लेझर प्रिंटर. पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या गावांतल्या कितीतरी दुकानांत हीच जोडी दिसेल. या मशीनवर कामाची एकही फाइल ठेवलेली नाही. नवी ऑपरेटिंग सिस्टिम येणार म्हटले की आधी तिची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती निघते. ती इथे चढवायची आणि पहिली ओळ टाइप करायची, ‘शेतकऱ्याचे नाव व पत्ता’. दुसरी ओळ, ‘मु. पो. कासुर्डी, ता. दौंड, जि. पुणे’. मग पीडीएफ करायची आणि प्रिंट मारायची. बाकी सगळे त्यानंतर.

अलीकडेच एका बीटात पडद्यावर दोन्ही ओळी स्वच्छ दिसल्या. कागद हातात घेतला तर त्यावर होते ‘शेतकर्याचे’. अर्ध्या र ची ती छोटी आडवी रेघ जाऊन ‘या’च्या डोक्यावर रफार बसला होता. घाईत असलेल्या माणसाच्या हे लक्षातही येणार नाही. पण मराठीत हे दोन वेगळे उच्चार आहेत. आचाऱ्याला बोलावले तर स्वयंपाकी येतो, आचार्याला बोलावले तर गुरुजी येतात. दऱ्या डोंगरात असतात, दर्या कोकणाच्या पलीकडे. आणि आपल्या धंद्यात दिवसातून सर्वांत जास्त वेळा टाइप होणारा शब्द बहुधा ‘शेतकऱ्याचे’ हाच असेल.

ही चूक हिंदी टाइप करणाऱ्याला सापडणार नाही, कारण त्याला हे अक्षर लागतच नाही. इंग्रजीत काम करणाऱ्याला ती दिसणे शक्यच नाही. पुण्यातला एखादा अभियंता मराठी असला तरी तो दिवसभर इंग्रजीत कोड लिहितो आणि प्रिंट क्वचितच काढतो. ही चूक सापडायची तर रोज मराठी टाइप करून रोज कागद हातात देणारा माणूस हवा. म्हणजे या अंकाचा वाचक. डीटीपी करणारे, ई-सेवा केंद्र चालवणारे, मशीन दुरुस्त करणारे, टायपिंगच्या संस्था चालवणारे. बीटा तपासणे हे मोठ्या शहरातल्या हौशी पोरांचे काम आहे, असे आपल्यातले बरेच जण मानतात. मला ते अजिबात पटत नाही. आपण तपासले नाही तर मराठी तपासलीच जात नाही.

दुसऱ्या ओळीकडे जरा बारकाईने बघा. ‘र्डी’मध्ये रफार आणि दुसरी वेलांटी एकाच जागेसाठी भांडतात. जुळणी कच्ची असली तर रफार वेलांटीत घुसतो, नाहीतर मागे सरकून ‘सु’वर जाऊन बसतो. ‘दौंड’मध्ये काना, दोन मात्रा आणि अनुस्वार यांची गर्दी आहे, टिंब मात्रेत बुडाले की वाचणारा ‘दौड’ वाचतो. ‘जि’ची पहिली वेलांटी टाइप होते ज च्या नंतर आणि दिसायला हवी ज च्या आधी. शेजारच्या तालुक्याचे ‘शिरूर’ हे नाव लिहिले की ‘रू’ची गाठ र च्या पोटातच पडली पाहिजे, खाली लोंबकळता कामा नये. आपल्या दोन तालुक्यांच्या पत्त्यांत देवनागरीची अर्धी परीक्षा होऊन जाते.

आता परत त्या अर्ध्या र कडे, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. एक, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक (ज्याला आपण झेडडब्ल्यूजे म्हणतो) आणि य. दोन, मराठीचा खास ऱ, हलन्त आणि य. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा दुसरा प्रकार म्हणजे शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. यादीत पहिल्या प्रकारे टाइप केलेली नावे असतील आणि तुम्ही दुसऱ्या प्रकारे शोधलेत, तर मशीन ‘सापडले नाही’ म्हणून मोकळे होते आणि समोरचा माणूस यादीत नाव असूनही रिकाम्या हाताने घरी जातो. म्हणून बीटात नुसते अक्षर बघून थांबू नका. दोन्ही प्रकारे टाइप करा, शोधून बघा, मोबाइलवरून आलेला मजकूर चिकटवून बघा, बॅकस्पेसने एकेक टप्पा पुसून बघा.

यादीचा क्रमही लावून बघा. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. मराठी भाषा निवडलेली असताना ज्ञानेश्वर हणमंतच्या खाली गेला पाहिजे. तो ज मध्ये जयवंताशेजारी बसला, तर मशीनने मराठीचा क्रम घेतलेलाच नाही. ल आणि श यांची वळणे मराठी येतात की हिंदी, हेही बघा. आपल्याकडे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ लाच याबाबत निर्णय काढला. प्रमाण वर्णमाला कोणती, हा वाद निदान शासकीय कागदापुरता तरी मिटलेला आहे.

‘आपण कळवून काय होणार?’ हे मी दर महिन्याला फोनवर ऐकतो. त्यावर २०१८ ची हकिकत सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी २ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती सोडली आणि चारच दिवसांत मागे घेतली. काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारख्या फोल्डरमधल्या फाइली अपडेटच्या वेळी पुसल्या जात होत्या. ज्यांनी ही फोल्डरे दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, त्यांचाही त्यात समावेश होता. सी ड्राइव्ह भरला की डी वर वळवायचे, हे आपल्याकडेही सर्रास चालते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे फटका बसलेल्यांचे प्रमाण दहा हजारांत एक होते. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आवृत्ती बाहेर पडण्याआधीच चाचणी करणाऱ्या काहींनी ‘माझ्या फाइली गेल्या’ असे कळवलेले होते. त्या तक्रारींना इतरांची पुरेशी मते मिळाली नाहीत आणि त्या ढिगाऱ्यात खाली राहिल्या. पुढे कंपनीने तक्रारीबरोबर तिची तीव्रता नोंदवण्याची सोय केली, आणि १३ नोव्हेंबरला तीच आवृत्ती दुरुस्त होऊन परत आली.

यातून मी दोन गोष्टी घेतो. दहा हजारांतला तो एक आपल्या तालुक्यातला असू शकतो. आणि एकट्याने कळवलेली मराठीची चूक अशीच तळाशी जाते. तीच पाच-पन्नास जणांनी आपापल्या मशीनवर पडताळून ‘इथेही असेच होते’ म्हटले, तर तिला वजन येते. आपण संख्येने कमी नाही, फक्त बोलत नाही.

मुक्त प्रणालींत हे काम आणखी सोपे आहे आणि त्याचा पुण्याशी जुना संबंध आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी फेडोरा या लिनक्स प्रणालीतल्या भारतीय भाषांवर अनेक वर्षे काम केले. २००४ पासून मुक्त परवान्यावर मिळणारा लोहित टंक आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल. फेडोराचे मेळावे २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच भरले होते. फेडोरात दर आवृत्तीआधी भाषांच्या चाचणीसाठी खास दिवस ठेवलेले असतात. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि तिच्या महिनाभर आधी बीटा, असा क्रम असतो. एखादी चूक ‘ब्लॉकर’ ठरली तर ती सुटेपर्यंत आवृत्तीच थांबते. शेवटच्या टप्प्यात कुलूप लागले की मात्र फारच थोडे बदल आत घेतात. म्हणून कळवायचे ते पहिल्या आठवड्यात. महिना उलटल्यावर केलेली तक्रार पुढच्या सहा महिन्यांच्या खात्यात जाते.

हे आत्ताच का सांगतो आहे? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि आपल्याकडची कितीतरी चालती मशीन त्या अटीत बसत नाहीत. ती भंगारात घालण्याची ऐपत सगळ्यांची नाही आणि तशी गरजही नाही. बरेच जण लिनक्सकडे वळतील, काही वळलेही आहेत. हे स्थलांतर करताना मराठी आणि प्रिंटर या दोन जागी आपले पाय अडकणार आहेत. अडकण्याआधी ते कळलेले बरे.

आता कळवायचे कसे? ‘मराठी चालत नाही’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. मशीनचे मॉडेल, बिल्ड क्रमांक, टंकाचे नाव, कळफलक कोणता, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय यायला हवे होते आणि काय आले, एवढे लिहा. पडद्याचा फोटो आणि प्रिंटचा फोटो, दोन्ही जोडा. त्या बीटाच्या वेळी मी लिहिलेले असे होते: ‘इनस्क्रिप्ट मराठी. शिफ्ट जे, डी, य. पडद्यावर बरोबर. पीडीएफमध्ये रफार. टंक बदलला तरी तेच. आधीच्या आवृत्तीत याच मशीनवर बरोबर.’ शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. आधी चालत होते आणि आता बिघडले, हे कळले की कोणत्या बदलाने बिघडले ते शोधणे त्यांना सोपे जाते. इंग्रजी तोडकेमोडके असले तरी बिनधास्त लिहा. कळांचा क्रम आणि दोन फोटो कोणालाही समजतात.

पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. काही वर्षांपूर्वी मी ऐन जूनमध्ये कामाच्या मशीनवर बीटा चढवली. दाखल्यांची गर्दी होती. दुसऱ्या दिवशी प्रिंटर ओळखला जाईना, जुना ड्रायव्हर बसेना. कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असलेला एक मुलगा वडिलांबरोबर दोन तास बाकावर बसला, मग शेजारच्या यवतला जाऊन प्रिंट काढून आला. त्याचा प्रवेश झाला, पण त्या दोन तासांत त्याच्या वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून खिडकीखालचे मशीन वेगळे आहे. ज्यांच्याकडे वेगळे मशीन नाही, त्यांनी लिनक्सची बीटा पेनड्राइव्हवरून चालवून बघावी. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. विंडोजची बघायची तर रिलीज प्रीव्ह्यूपर्यंतच, म्हणजे आवृत्ती बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंतच जा. त्याच्याही पुढच्या, कच्च्या वाटेने गेलात तर परत येताना बहुतेक वेळा सगळे पुसून पहिल्यापासून बसवावे लागते.

आणि बीटाच्या मशीनवर गिऱ्हाइकाचा एकही कागद नको. आधार नको, पासबुक नको, सातबारा नको, अंगठ्याचे यंत्रही जोडायचे नाही. चाचणीच्या आवृत्त्या मशीनची बरीच माहिती कंपनीकडे पाठवतात. विंडोजच्या चाचणी कार्यक्रमात तर तशी परवानगी दिल्याशिवाय प्रवेशच नाही. लोक आपल्यावर विश्वास ठेवून कागद देतात. चाचणीसाठी खोटी नावे पुरतात, आणि ती आपण या अंकात छापलीच आहेत.

पान ३४ वर चाळीस ओळींचा मजकूर दिला आहे. त्यात अर्धा र दोन्ही प्रकारे आहे, दोन्ही तालुक्यांतल्या गावांची नावे आहेत, क्रम लावण्यासाठी पंचवीस काल्पनिक नावे आहेत. आपल्या मशीनवर तो टाइप करा, पीडीएफ करा, प्रिंट काढा आणि चुकलेल्या ओळींवर पेनने गोल करून कागदाचा फोटो आम्हाला पाठवा. सोबत मशीन आणि प्रिंटरचे मॉडेल लिहा. आलेले सगळे फोटो आम्ही प्रणालीवार वेगळे करू आणि पुढची बीटा निघेल त्या आठवड्यात एकत्र कळवू. त्या अर्ध्या र ची चूक मी एकट्याने कळवली होती. अजून उत्तर आलेले नाही.