घरातील मुंग्या आणि शेतातील विष

मृगाचे पहिले पाणी पडले म्हणजे वारुळे भिजतात आणि मुंग्या कोरड्या जागेच्या शोधार्थ मनुष्याच्या घरात शिरतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव-श्रीरामपूरकडील बागाईतदार असो की जामखेड-पाथर्डीकडील जिराईतदार, त्याच्या घरचा गुळाचा डबा व भाकरीची टोपली त्यांच्या तावडीतून सहसा सुटत नाही.

हा उपद्रव लहान आहे; परंतु त्यावर कित्येक घरी जो इलाज केला जातो तो मात्र लहान नव्हे. शेताकरिता आणलेल्या कीटकनाशकाची उरलेली भुकटी अगर दाणे फडताळाखाली व कणगीच्या बुडाशी टाकावयाचे, ही चाल आम्हांस अत्यंत घातक वाटते. एके काळी मुंग्यांची पावडर म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीएचसीवर सरकारने १९९७ साली बंदी घातली. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ साली व शेतकरी ज्यास थायमेट म्हणून ओळखतात त्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. तथापि सरकारी हुकुमाने कोठीतील जुनी पुडी नाहीशी होत नाही. फोरेट पोटात गेले तरच बाधते असे नाही. ते कातडीवाटे व श्वासावाटेही अंगात भिनते. मुंगी कोणती आणि रांगते मूल कोणते, हे विषास कळत नाही.

घरगुती उपायांनी मुंग्या जात नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. आमच्या मते दोष उपायांचा नसून ते करण्याच्या रीतीचा आहे. हद्दीचा तंटा आला म्हणजे आधी मोजणी व मग निकाल, ही महसूल खात्याची रीत येथेही लागू आहे. पुढे गेलेली मुंगी वाटेवर वास सोडते व मागच्या मुंग्या त्या वासाने चालतात. राणी वारुळात अंडी घालीत असते. म्हणून रांगेतील शेकडो मुंग्या मारल्या तरी रांग पुन्हा लागते. हळद टाकल्याने ती फार तर काही वेळ बाजूस वळते.

प्रथम रांग कोणत्या भोकातून येते ते शोधावे. एक भाग टाकणखार व पाच भाग साखर कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापसाचा बोळा भिजवावा आणि तो वाटेशेजारी ठेवावा. बोळ्यावर मुंग्यांची गर्दी झाली तरी त्यांस मारू नये व वाटही पुसू नये. त्या हे गोड विष वारुळात नेऊन इतरांस व राणीस भरवितात. टाकणखार अधिक घातल्यास मुंग्या वाटेतच मरतात व काम फसते. काही दिवसांनी रांग थांबली म्हणजे वाट साबणाच्या पाण्याने पुसावी व भोक चुन्याने बुजवावे. टाकणखारही पोटात जाता कामा नये, म्हणून बोळा मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर असावा. गुळाचा डबा चौरंगावर ठेवून चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. वाळवी ही मुंगी नव्हे. तिचा बंदोबस्त निराळा आहे.

या उपायास आठ-पंधरा दिवस लागतील, हे खरे. परंतु पिकाची राखण महिनोन् महिने करणाऱ्या शेतकऱ्यास एवढा धीर जड जाऊ नये. शेतातील विष उंबरठ्याच्या आत येणार नाही, असा नियम प्रत्येक सभासदाने आपल्या घरी घालून द्यावा. जुनी पुडी सापडल्यास ती ओढ्यात अगर विहिरीकाठी न फेकता घराबाहेर कुलपात ठेवावी आणि कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने तिची विल्हेवाट लावावी. हे काम या पावसाळ्यापूर्वीच व्हावे, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंती आहे.