‘सापडलेलं’ रेकॉर्डिंग आधी कुणाच्या ताब्यात होतं?

पारंपरिक जॅझच्या जगातून अधूनमधून बातमी येते : अमुक मैफलीचं हरवलेलं रेकॉर्डिंग सापडलं. लगेच आपल्याकडचे रसिक माना डोलावतात, ‘कलेला रंग नसतो, जात नसते’ असं म्हणतात आणि हेडफोन कानाला लावतात. जरूर ऐका. माझं भांडण ‘सापडलं’ या शब्दाशी आहे.

३० नोव्हेंबर १९४७. बॉस्टनचा सिम्फनी हॉल. रंगमंचावर लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे ऑल स्टार्स. बँडप्रमुख काळा, ट्रॉम्बोनवर टेक्सासचा गोरा जॅक टीगार्डन. या मैफलीत आर्मस्ट्राँग ‘ब्लॅक अँड ब्लू’ गातो. १९२९ साली एका संगीतिकेसाठी लिहिलेलं हे गाणं मुळात सावळ्या रंगामुळे प्रेमात डावललेल्या बाईची तक्रार होतं. आर्मस्ट्राँगनं त्यातली ती बाजू गाळली आणि अख्ख्या समाजाचा सवाल गोऱ्या श्रोत्यांसमोर ठेवला. कलेला रंग नसतो म्हणणाऱ्यांनी हे गाणं एकदा नीट ऐकावं.

डेक्का कंपनीनं ही मैफल १९५१ मध्ये बाजारात आणली, पण निवडून, कापून. संपूर्ण मैफल यायला २०१२ उजाडलं. दोन एलपींमध्ये सगळं मावत नाही, हे मान्य. पण काय मावायचं हे कोण ठरवतं? वाजवणाऱ्याचा श्वास टेपवर, आणि टेपच्या कपाटाची किल्ली कंपनीकडे!

काळ कोणता होता बघा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये ड्यू बॉइस यांनी संपादित केलेलं निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढे गेलं. बॉस्टनची मैफल त्यानंतर महिन्याभरानं झाली. निवेदनातल्या आणि ट्रम्पेटमधल्या तक्रारी वेगळ्या नव्हत्या.

आणि जे कधीच ‘सापडणार’ नाही, त्याचं काय? न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन. जॅझच्या मुळाशी ज्याचं नाव घेतलं जातं, तो १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ मध्ये तिथंच मेला. त्याच्या कॉर्नेटचा एक सूरही आज उपलब्ध नाही. जॅझची पहिली रेकॉर्ड १९१७ मध्ये आली, ती पाच गोऱ्यांच्या बँडची. पुढे त्यांचाच म्होरक्या निक लारोका सांगत सुटला की जॅझ आम्हीच जन्माला घातला. पुरावा? रेकॉर्ड! ज्याच्याकडे यंत्र, त्याचाच इतिहास. आपल्याला हे नवीन आहे का?

आर्मस्ट्राँगला हे कळलं होतं. चळवळीतल्या अनेक तरुणांनी त्याच्या हसऱ्या चेहऱ्याला गोऱ्यांची हुजरेगिरी म्हटलं. पण लुइझियाना राज्यानं १९५६ मध्ये मिश्र बँडवर बंदी घातली, तेव्हा याच माणसानं १९६५ पर्यंत आपल्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्समध्ये, वाजवलं नाही. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं गेलं, तेव्हा त्यानं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना उघड सुनावलं आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा नाकारला. आणि घरी? टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा. स्वतःचं संगीत, गप्पा, संताप, विनोद, सगळं शेकडो रिळांवर साठवलं. खोक्यांवर स्वतः कात्रणं चिकटवली. तो संग्रह आज न्यूयॉर्कमध्ये त्याच्याच नावानं जतन केलेला आहे, म्हणून त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकता येतं.

आता आपल्याकडे या. भीमराव कर्डकांच्या जलशांचे किती आवाज आपल्याजवळ आहेत? वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गावोगावची गाणी कुणाच्या माळ्यावरच्या कॅसेटमध्ये बुरशी खातायत? १४ एप्रिलला आपण लाखांच्या डीजेवर वर्गणी उडवतो. जुन्या कॅसेट उतरवून घ्यायला चार हजार निघत नाहीत. (हे वाचून राग आला तर येऊ द्या.) उद्या एखादा प्राध्यापक किंवा कंपनी येईल, म्हातारीकडून पेटी उचलून नेईल आणि ‘दुर्मीळ ठेवा सापडला’ म्हणून आपल्यालाच विकेल.

तेव्हा यंदाच्या जयंतीआधी एवढं करा. वस्तीतल्या प्रत्येक जुन्या गायकाच्या घरी जा. कॅसेट उतरवून घ्या. गायक, कवी, ढोलकीवाला, गाव, तारीख नोंदवा. कोरसमधल्या बायांची नावंही. मूळ कॅसेट त्यांच्याच घरी राहू द्या, प्रती तीन ठिकाणी ठेवा. आणि कुणी करारावर सही मागितली, तर आधी आपल्या वकिलाला दाखवा.