खिसा पाहून उपचार?

इगतपुरीतील रेल्वेचा कायम कामगार आजारी पडला, तर रेल्वेच्या दवाखान्यात जाताना त्याला खिसा चाचपावा लागत नाही. उपचार हा त्याच्या नोकरीचाच हक्क आहे. (कंत्राटी कामगाराची गोष्ट निराळी.) गावाभोवतीच्या पाड्यांवरील ठाकूर-कातकरी मजुराने मात्र काय करावे? नाशिकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच उत्तर दिले होते : पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. परंतु केसपेपर फुकट मिळाला, तरी नाशिकला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? महात्मा फुले योजनेचे पाच लाखांचे कवच मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. तापाने फणफणलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? शिवाय तो पैसा खासगी रुग्णालयांकडेही वळतो. तोच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांतील डॉक्टर, परिचारिका व औषधे यांवर का खर्च होऊ नये? हा प्रश्न घेऊन कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीवर गेले पाहिजे, आणि रेल्वे कामगारांनाही बरोबर नेले पाहिजे.